एक्स-रेची चांदणी

आमच्या घरी एक्स-रे धुवायचे, असं मी सासरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या जाऊबाईंनी तव्यावरची पोळी तशीच जळू दिली. "धुवायचे म्हणजे?" त्या म्हणाल्या. म्हणजे धुवायचे. कढत पाण्यात, धुण्याचा सोडा घालून, जुन्या घमेल्यात, मागच्या अंगणात. माणसाच्या छातीचा, गुडघ्याचा, कवटीचा काळा फोटो त्या पाण्यात घातला की थोड्या वेळाने काजळ सुटावं तसा तो काळा थर सुटायचा आणि खाली निळसर, स्वच्छ, कडक पान उरायचं. त्या पानावर आई पेन्सिलने कमळ काढायची, बाबांच्या दाढीच्या जुन्या ब्लेडने ते कापायची, दाभण तापवून बारीक भोकं पाडायची, आणि झाला रांगोळीचा छापा. भोपाळच्या तुलसी नगरातल्या सरकारी क्वार्टरांमध्ये दिवाळीत निम्म्या दारांपुढे आमच्या आईच्या छाप्यांची लक्ष्मीची पावलं उमटत. ती पावलं कुणाच्या तरी फुप्फुसातून कापलेली आहेत हे लोकांना माहीत होतं, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

एक्स-रे आणायच्या साळवेकाकू. त्या आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहायच्या आणि सरकारी दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत कामाला होत्या. पेशंट हलला, खोकला, फोटो बिघडला, की ती फिल्म रद्दीत जायची. साहेबांना विचारून काकू त्या डब्याच्या पिशवीतून घेऊन यायच्या. साळवे मंडळी ख्रिस्ती, मूळची अचलपूरकडची. आम्ही नागपूरचे, राजधानी हलून कचेऱ्या भोपाळला आल्या तेव्हा बाबांबरोबर आलेले. त्या हिंदी मुलखात 'काहून' आणि 'बाप्पा' म्हणणारं समोरच्या दारातच कुणी भेटावं, याचा आईला इतका आनंद की दोघींची दारं दिवसभर उघडीच असायची. काकूंकडे नाताळला करंज्या, चकल्या, अनारसे. आमची दिवाळी संपून महिना उलटला की त्यांचा फराळ सुरू व्हायचा, त्यामुळे मला आणि ताईला वर्षातून दोनदा दिवाळी मिळायची. थंडीत वारा त्या बाजूचा असला की गोविंदपुऱ्यातल्या कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा आणि साळवेकाका, जे तिथे फिटर होते, सायकलवर टांग मारताना हमखास म्हणायचे, "निघालो बाप्पा, बोलावून राहिले." रोज हेच वाक्य. रोज काकू हसायच्या.

छापे कापताना आईचा एक नियम होता. फिल्मच्या कोपऱ्यात बारीक पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत आजाऱ्याचं नाव, वय, तारीख असायची. ती वाचायची नाही. "दुसऱ्याचं दुखणं नावानिशी घरात कशाला आणायचं?" आई म्हणायची, आणि सोड्याच्या पाण्यात फिल्म बुडवताना आधी तो कोपरा बुडवायची. मी अभ्यासात यथातथाच होते, बोलण्यात उद्धट होते, पण हा नियम मी कधी मोडला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते मी आईचं न ऐकल्यामुळे झालं नाही. ऐकल्यामुळे झालं.

बाबांविषयीही दोन गोष्टी सांगायला हव्यात. सचिवालयात ते फायली तपासायच्या टेबलावर होते आणि ते टेबल त्यांनी घरी आणलं होतं म्हणा ना. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं झालेलं त्यांना चालायचं नाही. दाराशी चपला वाकड्या असल्या तर आधी त्या सरळ, मग स्वतः आत. दुसऱ्याच्या घरी गेले तरी तेच. आणि दुसरी गोष्ट म्हणजे अक्षर दिसलं की ते वाचायचे, तेही पुटपुटत. रविवारी पोहे-जलेबी आणली की पोहे संपल्यावर खालचा तेलकट कागद वाचून काढायचे. "सीहोर में सडक का... उद्घाटन..." असं पुटपुटत बसलेले बाबा मला अजून दिसतात. आई म्हणायची, "यांना औषधाच्या बाटलीवरचं वाचता वाचता दुखणं बरं होते."

त्या वर्षी ताईचं लग्न ठरलं होतं. मुलगा ग्वाल्हेरचा, शिक्षक, घरची माणसं सुशिक्षित पण कडक. मे महिन्यातला मुहूर्त निघाला होता. आई बारीक झाली होती. हातातल्या बांगड्या काम करताना कोपरापर्यंत चढायच्या. खोकायची, पण थंडी होती, स्टोव्हचा धूर होता, आणि मुलीचं लग्न काढलेल्या घरात आई बारीक होणारच, असं येणारी-जाणारी म्हणायची. दिवाळीनंतर तिने आपला कप वेगळा केला होता. माझ्या ताटातला घास घेणं बंद केलं होतं. रात्री मला कुशीत घ्यायची ती आता पलीकडच्या खोलीत झोपायला लागली होती, म्हणाली, "तू लाथा मारते." मी तेरा वर्षांची घोडी, मला ते अपमानाचं वाटलं आणि मी चार दिवस फुगून बसले. आज हे लिहिताना माझीच मला लाज वाटते. सगळं समोर मांडलेलं होतं आणि मी रुसण्यात वेळ घालवला.

डिसेंबर लागला तशी काकूंची फर्माईश आली. नाताळाच्या झाडासाठी दागिने करायचे. बाजारात काचेचे गोळे मिळायचे, पण महाग आणि लगेच फुटणारे. "मालतीबाई, यंदा तुमच्या छाप्यानंच करू ना आपण," काकू आईला म्हणाल्या. आईने तीन छापे कापले. चांदणी, घंटा आणि देवदूत. देवदूत तिने जन्मात काढला नव्हता. त्याला पंख होते, पण बाकी सगळी आमच्या देवघरातली लक्ष्मी होती, नथीसकट. काकूंनी तो उन्हात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "चालते माय, आमच्या देवाला नागपूरची ओळख आहेच." जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद आमच्याकडे ढीगभर होता. त्यावर छापा ठेवायचा, चिंधीच्या बोळ्याने डिंक टिपायचा, छापा अलगद उचलायचा आणि ओल्या डिंकावर चमकी भुरभुरायची. मग कागद उलटा करून टिचकी मारली की जास्तीची चमकी खाली वर्तमानपत्रावर आणि कागदावर लखलखीत घंटा. पहिली घंटा उमटली तेव्हा मी किंचाळलेच. दहा-बारा दिवस आमच्या घरात चमकीच चमकी. वरणात चमकी, उशीवर चमकी. बाबा मिशीत लाल चमकी घेऊन सचिवालयात गेले आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, "साहेबांनी विचारलं, देवपुजारीजी, घर में शादी है या नौटंकी?" आई इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली आणि ती तोंडाला पदर लावून मागच्या अंगणात गेली. बराच वेळ आली नाही. आम्ही आपले हसतच होतो.

हल्ली माझ्या नातीच्या शाळेत नाताळ असतो तेव्हा ती मोबाइलवर बोट दाबते आणि दुसऱ्या दिवशी खोक्यातून चांदण्या येतात. बऱ्या असतात. पण त्या कुणी कापलेल्या नसतात, आणि मला वाटतं तेच बरं आहे.

दागिने संपत आले तेव्हा माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं. काकूंच्या दारासाठी एक मोठी चांदणी करायची, आणि ती कागदाची नाही, न धुतलेल्या काळ्या फिल्मचीच. काळ्यावर चमकी म्हणजे रात्रीचं आकाशच होईल. आई बाजारात गेली होती. रद्दी फिल्म रांगोळीच्या डब्याखाली ट्रंकेत असायच्या. वरच्या दोन गुंडाळ्या झालेल्या, ओरखडे पडलेल्या होत्या. मी खाली हात घातला. अगदी तळाशी, जुन्या उशीच्या अभ्र्यात, एक सरळ, करकरीत, मोठी फिल्म होती. छातीची. इतकी चांगली फिल्म आई लपवून ठेवते आणि मला ओरखड्यांच्या देते, याचा मला रागच आला. कोपऱ्यात अक्षरं होती. मी नियमाप्रमाणे नजर वळवली आणि कात्री लावली. पाच टोकांची चांदणी, टोकं पार कोपऱ्यांपर्यंत. कडेकडेने चमकी लावली. मध्ये फासळ्या तशाच ठेवल्या. त्या ढगांसारख्या दिसत होत्या. उरलेल्या तुकड्यांतून तीन छोट्या घंटा निघाल्या, बाकीचे कपटे मी छाप्यांच्या डब्यात टाकले. आई यायच्या आत घंटांसह चांदणी समोर नेऊन काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती खिडकीकडे धरली. बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आवडली. "कुठून आणली बेबी ही फिल्म?" म्हणाल्या. मी म्हटलं, "आपल्या रद्दीतून." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत निघून गेल्या.

आई फिल्म लपवायला एकच जागा निवडू शकत होती, आणि तिने तीच निवडली होती. दुसऱ्या कुठल्या घरात एक्स-रे कपाटात दिसला असता तर कुणीतरी विचारलं असतं, हा कोणाचा? आमच्या घरात एक्स-रे म्हणजे रांगोळीचं सामान. रद्दीत घालून ठेवला की कुणी बघणार नाही, असा तिचा हिशेब. फक्त मी कापीन, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

नाताळच्या सकाळी आम्ही चौघं नवे कपडे घालून समोर गेलो. साळवेकाका पेटीवर बसून गात होते, स्वयंपाकघरातून तळणाचा वास येत होता, आणि माझी चांदणी खिडकीपुढे, बाबांच्या नेहमीच्या खुर्चीच्या बरोबर समोर टांगलेली होती. मागून ऊन येत होतं, चमकी लखलखत होती. मी आईकडे पाहिलं, शाबासकीसाठी. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बेबी," ती इतक्या हळू म्हणाली की मलाच ऐकू आलं, "हे काय करून ठेवलं तू?" मला वाटलं, चांगली फिल्म वापरली म्हणून. ती काकूंकडे वळली. "सरोजबाई, ती चांदणी काढा ना. ऊन लागून डिंक सुटेल." काकू करंज्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. "राहू द्या मालतीबाई. आजच्या दिवस राहू द्या."

तोवर बाबा खुर्चीवरून उठलेच होते. चांदणी तिरकी होती. एक टोक खाली झुकलेलं. बाबांना ते कसं चालणार? त्यांनी हात वर करून दोरा सारखा केला, आणि ते खालचं टोक त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. तेलकट कागद वाचावा तसे ते पुटपुटायला लागले, सवयीने, कशाकडे लक्ष नसल्यासारखे. "मिसेस... मालती... व्ही... देवपुजारी. एज... एक्केचाळीस..." आणि तारखेपर्यंत गेले. तारीख वाचून झाल्यावर थांबले.

काकांची पेटी बंद पडली. मला काहीच कळलं नाही, आणि मग एकदम सगळं कळलं. कप, पलीकडची खोली, बांगड्या, पदर. बाबा मागे न वळता म्हणाले, "हा तुझा आहे?" आईने ताईकडे पाहिलं. "मालती, मी विचारून राहिलो. कधीचा आहे?" मी बाबांना आईचं नाव घेताना तोवर कधी ऐकलं नव्हतं. "दिवाळीचा," आई म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, क्षय आहे. सुया घ्या, म्हणाले. मी म्हटलं, मे महिना होऊन जाऊ द्या. अहो, ग्वाल्हेरच्यांना कळलं तर पोरीचं लग्न मोडेल. आता पाच महिन्यांचाच तर प्रश्न उरला होता." ताईच्या हातातली ताटली खाली पडली आणि करंजीचं सारण फरशीभर झालं. बाबा म्हणाले, "पाच महिने," आणि परत म्हणाले, "पाच महिने," आणि भर घरात, सगळ्यांसमोर, मोठ्याने रडायला लागले. सचिवालयातला माणूस. मी पळाले.

घरी येऊन छाप्यांचा डबा जमिनीवर पालथा केला. कपटे शोधले. स्वयंपाकघरातल्या फरशीवर मी ते एकमेकांना जोडत बसले, ही फासळी इकडची, हा खांदा तिकडचा. मला फक्त एवढंच कळत होतं की मी आईला कापलं आहे आणि डॉक्टर विचारतील तेव्हा सगळे तुकडे असले पाहिजेत. घंटांएवढी जागा रिकामी राहत होती. त्या काकूंच्या झाडावर होत्या. मी परत समोर धावले, झाड ओरबाडून तिन्ही घंटा काढल्या, आणि सगळं एका रुमालात बांधून बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते खिशात घातलं. सणाची सुट्टी असूनही काकूंनी दवाखान्यात शब्द टाकला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांपुढे बाबांनी चांदणी ठेवली. ते चमकीकडे पाहत राहिले, मग दिव्यासमोर धरून म्हणाले, "ये तो ठीक है... बाकी छाती कहाँ है?" बाबांनी खिशातून रुमाल काढून टेबलावर सोडला. डॉक्टर हसले नाहीत. उठले आणि काकूंना म्हणाले, "सरोज बहन, मशीन चालू करो. नया निकालते हैं."

आई बरी झाली. दीड वर्ष सुया आणि गोळ्या. डॉक्टर म्हणाले होते, मे महिन्यापर्यंत थांबला असतात तर मला काही करता आलं नसतं. त्यानंतर ती पस्तीस वर्षं जगली, आणि माझी दोन्ही बाळंतपणं तिनेच केली.

पण तिचं खरं ठरलं, हेही लिहायला हवं. बाबांनी ग्वाल्हेरला स्वतः पत्र लिहून सगळं कळवलं, आणि पंधरा दिवसांनी चार ओळींचं कार्ड आलं. योग नाही. ताई रडली नाही, पण त्या दिवसापासून तिने गाणं म्हणणं सोडलं. तिचं लग्न पुढे झालं, चांगलं झालं, पण ते पुढे. आईने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तिने बोलणं टाकलं ते काकूंशी. काकू रोज सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी सुई द्यायला येत, स्टोव्हवर सिरिंज उकळत, आणि आई भिंतीकडे तोंड करून पडायची. सुई टोचताना हूं नाही की चूं नाही. काकू कापूस दाबून धरत, "येते जी," म्हणत आणि जात. वर्षभर दोन्ही दारं बंद असायची. मला आईचा फार राग यायचा. गुन्हा माझा, कात्री माझी, आणि शिक्षा त्या बिचारीला! दोनदा मी आईशी भांडलेही. ती म्हणाली, "तुला नाही कळत." पुढच्या डिसेंबरात एका सकाळी सुई घेऊन झाल्यावर आईने उशीखालून नवा छापा काढला, चांदणीचा, आणि भिंतीकडे तोंड ठेवूनच काकूंच्या हातात दिला. दारं पुन्हा उघडी झाली. त्या दिवसाविषयी दोघी कधी बोलल्या नाहीत.

आई गेल्यावर मी काकूंना भेटायला गेले होते. त्या तेव्हा भोपाळमध्येच अयोध्या नगरात मुलाकडे होत्या, ऐंशीच्या पुढे, कान मंद, जीभ तशीच. चहा झाला. मी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बोलून टाकलं. म्हटलं, "काकू, माझ्यामुळे आईने तुम्हाला वर्षभर छळलं. तुम्हाला तर ठाऊकही नव्हतं ती फिल्म कोणाची."

"ठाऊक नव्हतं?" त्या म्हणाल्या. "बेबी, तिचा फोटो काढला तेव्हा मी तिथंच होती माय. मशीनसमोर तिला उभं मी केलं होतं. आणि तीस वर्षं त्या खोलीत काढली मी, फिल्म हातात आली का पहिले नाव पाहायचं. तू चांदणी आणली तवाच वाचलं मी."

मी कप खाली ठेवला. "मग बोलला का नाहीत बाबांना? दिवाळीपासून?"

"तिनं माझा हात बायबलवर ठेवून घेतला होता. माझ्या तोंडातून शब्द निघणार नाही म्हणून. दोन महिने रोज पाहत होती मी तिला सुकताना. देवाला म्हणत होती, तूच काही कर. आणि नाताळच्या चार दिवस आधी तू दारात." काकूंनी माझं मनगट धरलं. हात अजून घट्ट होता. "शपथ नाही मोडली मी. एक शब्द नाही निघाला तोंडातून, हे तुझ्या आईलाही माहीत होतं. पण तुझ्या बापाची सवयही मला माहीत होती ना. म्हणून चांदणी तेवढी वाकडी टांगली."